पांढऱ्या रेषेच्या अलीकडे

८ मे १९९१, बेलग्रेड. जेएनए स्टेडियमच्या टचलाइनला लागून तुम्ही उभे आहात. या प्रवासाची अट एकच: मैदानाची पांढरी रेषा ओलांडायची नाही. दिसेल ते पाहा, कानावर येईल ते ऐका, आत मात्र पाऊल टाकायचं नाही. तुम्ही कुणाला दिसत नाही, तेव्हा मोह होईल. ज्याच्या मागावर तुम्ही निघाला आहात त्यालाही हा मोह कधी आवरलेला नाही.

तो पाहा, हायदुक स्प्लिटच्या बचावात मधोमध. उंचापुरा, छाती पुढे काढून उभा, हात सतत कुणाला तरी काहीतरी सांगणारे. इगोर स्टिमॅच, वय २३. नेरेत्वा नदीच्या काठच्या मेत्कोविचचा. तुम्ही त्याला ओळखता ते भारताचा प्रशिक्षक म्हणून, पन्नाशी उलटल्यावर. इथं तो अजून पोरगेलासा आहे आणि त्याला भारत नकाशावर शोधायचंही काही कारण नाही.

सामना युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय करंडकाचा, मार्शल टिटोच्या नावाच्या चषकाचा, अंतिम फेरीचा. समोर रेड स्टार बेलग्रेड. तीन आठवड्यांनी हाच संघ इटलीत बारीला युरोपियन कप उचलणार आहे. स्टेडियमभर बसलेल्या माणसांत हे फक्त तुम्हाला ठाऊक. तुम्हाला आणखीही एक गोष्ट ठाऊक आहे: हे दोन्ही संघ या चषकात पुन्हा कधी समोरासमोर येणार नाहीत, कारण तो खेळवणारा देशच फुटणार आहे.

हवेत काय आहे ते समजायला सहा दिवस मागचं ठाऊक हवं. २ मे रोजी पूर्व क्रोएशियात बोरोवो सेलो या गावी सशस्त्र सर्बांशी झालेल्या चकमकीत १२ क्रोएशियन पोलीस मारले गेले. रेड स्टारचा तो डावखुरा, सिनिशा मिहायलोविच, त्याच परिसरातला, वुकोवारला लागून असलेल्या बोरोवोचा. वडील सर्ब, आई क्रोएट. आणि स्टिमॅच? तो १९८६ ते ८८ अशी दोन वर्षं विंकोव्त्सीच्या क्लबकडून खेळला, वुकोवारपासून वीसेक किलोमीटरवर, आणि नेमक्या त्याच वर्षांत मिहायलोविच बोरोवोच्या क्लबात होता. दोघांनी एकाच सपाट, मक्याच्या प्रदेशात फुटबॉल शिकून घेतला. आता दोघं एकमेकांच्या पोटऱ्या शोधत फिरताहेत.

उत्तरार्धात आलेन बोक्शिच गोल करतो. हायदुक १, रेड स्टार ०. त्यानंतर काही वेळानं ते होतं. एक धसमुसळी टक्कर, मग दोघांची तोंडं वीतभर अंतरावर. ओठ हलतात. तुम्ही रेषेबाहेर आहात, शब्द पोचत नाहीत. स्टिमॅचनं आपल्या घरच्यांच्या मरणाची भाषा केली, असं मिहायलोविच पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिला. स्टिमॅच ते नाकारत राहिला. रेफ्रीला मात्र निवाडा करायला शब्द लागले नाहीत. लाल कार्ड, दोघांनाही. एकाच बोगद्याकडे, थोडं अंतर राखून, दोघं चालत जातात.

हायदुक १-० जिंकतं. करंडक स्प्लिटला जातो आणि परत येत नाही.

आता चार वर्षं मागे या. ऑक्टोबर १९८७, चिलीची राजधानी सांतियागो, दक्षिण गोलार्धातला वसंत. २० वर्षांखालच्या विश्वचषकाला युगोस्लाव्हियानं पोरं पाठवली आहेत ती फारशी आशा न ठेवता. प्रशिक्षक मिर्को योझिच. पोरांची नावं वाचा आणि पुढची दहा वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत म्हणून गालात हसा: झ्वोनिमिर बोबान, दावोर शुकेर, रॉबर्ट प्रोसिनेच्की, रॉबर्ट यार्नी, प्रेड्राग मियातोविच. बचावात विंकोव्त्सीहून आलेला स्टिमॅच. यजमान चिलीवर ४-२, उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलवर २-१, तोही प्रोसिनेच्कीच्या अखेरच्या क्षणीच्या फ्री-किकवर. अंतिम सामन्यात प्रोसिनेच्की नाही, मियातोविच नाही, दोघंही निलंबित. पश्चिम जर्मनीशी १-१, मग पेनल्टी शूटआऊट, ५-४. शेवटची पेनल्टी बोबानची.

इथं क्षणभर थांबावंसं वाटतं. मियातोविच माँटेनेग्रोचा, बोबान डाल्मेशियाचा, शुकेर स्लावोनियाचा. एकमेकांच्या अंगावर पडून ओरडणारी ही पोरं कुठल्या प्रजासत्ताकाची याची कुणी चौकशी करत नाही. या वयोगटाचा संघ १९९४ च्या विश्वचषकात काय करता, हा प्रश्न बाल्कनमधल्या कॉफीच्या टेबलांवर अजून चघळला जातो. मला त्या प्रश्नात फारसा रस नाही. या पोरांनी नंतर जे केलं ते पुरेसं आहे, आणि त्यासाठी मोजलेली किंमत कॉफीच्या टेबलावर मांडण्यासारखी नाही.

मधली वर्षं झपाट्यानं. स्पेनच्या दक्षिण टोकाला काडिझ, मग पुन्हा स्प्लिट. आणि आता कोट घट्ट लपेटा, कारण ४ नोव्हेंबर १९९५ ला तुम्ही उत्तर इंग्लंडात, बर्कनहेडमधल्या प्रेंटन पार्कवर आहात. ट्रॅनमियर रोव्हर्स विरुद्ध डर्बी काउंटी, इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला सामना. डर्बीचे प्रशिक्षक जिम स्मिथ यांनी क्रोएशियाहून आणलेल्या बचावपटूचा हा पहिला दिवस. डर्बी ५-१ हरते. त्यांचा एकुलता एक गोल कुणाचा? नव्या बचावपटूचाच. बचाव पाच गोल खातो आणि बचावपटू तिकडे जाऊन गोल मारून येतो. त्या दिवशी परतीच्या गाडीत डर्बीकरांनी काय काय म्हटलं असेल याची कल्पना करायला काळाचा प्रवास लागत नाही.

पण लगेच उडी मारू नका, हिवाळाभर इथंच राहा. डर्बीच्या जुन्या बेसबॉल ग्राउंडवर, विटांच्या घरांत दाटीवाटीनं बसलेल्या त्या मैदानाच्या कडेला, चाहत्यांच्या श्वासाची वाफ तुमच्या मानेवर येईल इतकी जागा अपुरी. पुढचे २० लीग सामने डर्बी हरत नाही. काय बदललं? स्मिथनी मागे तिघं उभे केले आणि मधल्याला मोकळीक दिली. तो मधला म्हणजे स्टिमॅच. चेंडू मिळाला की इंग्लिश बचावपटूसारखा आभाळात भिरकावत नाही. थांबतो, मान वर करतो, बघतो, मग वीस-पंचवीस यार्डांवर मोकळ्या सहकाऱ्याच्या पायाशी देतो. त्या थांबण्यानं सुरुवातीला स्टँडमधल्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि महिन्याभरात त्यांना त्याचीच चटक लागते. प्रतिस्पर्धी अंगावर येत असतानाचा त्याचा तो एक सेकंदाचा आळस, हे मला त्याच्या साऱ्या खेळातलं सर्वांत देखणं वाटतं. वसंतात डर्बी प्रीमियर लीगमध्ये चढते.

त्याच उन्हाळ्यात, २३ जून १९९६ ला, ओल्ड ट्रॅफर्ड. युरोची उपांत्यपूर्व फेरी. स्वतंत्र क्रोएशियाची ही पहिलीच मोठी स्पर्धा, समोर जर्मनी. क्लिन्समनच्या पेनल्टीला शुकेर ५१ व्या मिनिटाला उत्तर देतो, १-१. जर्मनी डळमळते आहे, बाकावरचे क्रोएट उठून उभे राहिलेत. आणि ५६ व्या मिनिटाला स्टिमॅचला दुसरं पिवळं कार्ड. तीन मिनिटांनी साम्मर गोल करतो. २-१. एक माणूस कमी नसता तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही, पण जर्मनीनं पुढे ती स्पर्धा जिंकली एवढं लक्षात ठेवा. तो एका सेकंदाचा आळस आणि ही एका सेकंदाची घाई एकाच माणसाची. प्रशिक्षकांना त्याच्या बाबतीत एकातून दुसरं वेगळं काढता आलं नाही, आणि तो स्वतः प्रशिक्षक झाल्यावर त्यालाही ते जमलं नाही.

दोन वर्षं पुढे. ४ जुलै १९९८, लिऑन. विश्वचषक, उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा जर्मनी. फ्रेंच पोलिसाची टोपी घातलेले प्रशिक्षक मिरोस्लाव ब्लाझेविच, सगळ्यांचे 'चिरो', तुमच्यापासून हाताच्या अंतरावर येरझारा घालताहेत. मागे तिघं: स्लावेन बिलिच, दारियो शिमिच, आणि मधे स्टिमॅच. पहिली चाळीस मिनिटं जर्मनांची. मग शुकेरला आडवं पाडल्याबद्दल वोर्न्सला लाल कार्ड. या वेळी बाहेर जाणारा माणूस दुसऱ्या बाजूचा. यार्नी मध्यंतराच्या तोंडावर लांबून मारतो, १-०. ८० व्या मिनिटाला व्लाओविच, ८५ व्या मिनिटाला शुकेर. ३-०. सात वर्षांच्या देशानं तीन वेळच्या विश्वविजेत्यांना घरी पाठवलं.

चार दिवसांनी पॅरिसजवळ साँ-दनीला उपांत्य फेरीत शुकेर मध्यंतरानंतर लगेच गोल करतो, आणि क्रोएशियाची आघाडी जेमतेम एक मिनिट टिकते. बोबानच्या पायातून चेंडू काढून घेऊन फ्रान्सचा थुराम बरोबरी करतो आणि ७० व्या मिनिटाला पुन्हा तोच. फ्रान्सकडून आयुष्यात दोनच गोल केलेल्या माणसानं ते दोन्ही त्या रात्री करावेत, याला क्रोएट लोक काय म्हणतात ते इथं छापण्याजोगं नाही. तिसऱ्या क्रमांकासाठी नेदरलँड्सवर २-१. कांस्यपदक. त्याच वर्षी स्टिमॅचनं एक गाणंही गायलं, 'मारे इ काते'. ते क्रोएशियात चांगलंच चाललं. गळा साधारण, उत्साह भरपूर, असं माझं मत.

वेस्ट हॅमची दोन वर्षं, स्प्लिटला शेवटचा मोसम आणि २००२ मध्ये निवृत्ती इथून चटकन पुढे चला. राष्ट्रीय संघाकडून ५३ सामने, २ गोल. हायदुक, चिबालिया, एनके झाग्रेब अशा क्लबांच्या बाकांवर तो बसतो, उठतो, जातो. २०१२ च्या जुलैत बिलिचच्या जागी क्रोएशियाचा प्रशिक्षक होतो. आणि आता तो कायमचा तुमच्या बाजूला आला आहे, रेषेच्या अलीकडे. प्रशिक्षकासाठी आखलेला तो चौकोन बघा. तो टचलाइनच्या मीटरभर अलीकडेच थांबतो; त्यात उभं राहून ओरडायचं, हात हलवायचे, पण चेंडूला हात लावायचा नाही.

२२ मार्च २०१३, झाग्रेबचं माक्सिमिर स्टेडियम. विश्वचषक पात्रता, क्रोएशिया विरुद्ध सर्बिया. दोन्ही महासंघांनी ठरवून पाहुण्या प्रेक्षकांना मज्जाव केला आहे. सर्बियाच्या बाकावर कोण आहे? सिनिशा मिहायलोविच. बावीस वर्षांत दोघांच्या पोटांवर थोडी माणुसकी आली आहे. सामन्याआधी दोघं समोरासमोर येतात, हात मिळवतात, मिठी मारतात. कॅमेऱ्यांचा नुसता पाऊस. ही मिठी मनापासूनची की महासंघांनी शिकवलेली, यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली. तुम्ही जवळ उभे आहात, तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर शिकवलेली मिठीसुद्धा चालेल. १९९१ मध्ये त्या दोघांना तीही कुणी शिकवली नव्हती. मांजुकिच आणि ओलिच गोल करतात, क्रोएशिया २-०.

जूनपर्यंत सहा सामन्यांत पाच विजय, एक बरोबरी, १८ पैकी १६ गुण. मग गाडी घसरते. झाग्रेबमध्ये स्कॉटलंडकडून ०-१. ६ सप्टेंबरला, स्टिमॅचच्या ४६ व्या वाढदिवशी, बेलग्रेडमध्ये सर्बियाशी १-१. बेल्जियमकडून १-२, लुकाकूचे दोन्ही गोल. १५ ऑक्टोबरला ग्लासगोत ०-२. चार सामन्यांत एक गुण. प्ले-ऑफची जागा हातात आहे, तरी संघ निको कोवाचकडे जातो. मधे जाहीर भांडणं, पत्रकार परिषदांतले टोमणे, सगळं झालं. त्याला गप्प बसता आलं असतं तर त्याचे दिवस वाढले असते असं म्हणणारे झाग्रेबमध्ये तेव्हाही होते. पण गप्प बसणारा स्टिमॅच असतो कुठे?

झादार, इराणचा सेपाहान, कतारचा अल-शहानिया. मग १५ मे २०१९, नवी दिल्ली: भारताचा प्रशिक्षक.

जूनमध्ये थायलंडच्या बुरीरामला पहिला सामना. क्युरासाओकडून १-३ पराभव, पण पदार्पण करणाऱ्यांत मुंबईचा राहुल भेके आहे आणि गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस. सप्टेंबरात गुवाहाटी: ओमानविरुद्ध कर्णधार छेत्रीच्या गोलावर ८१ व्या मिनिटापर्यंत आघाडी, आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन १-२. पाच दिवसांनी, १० सप्टेंबरला, दोहा. आशियाई विजेत्या कतारसमोर छेत्री नाही, तो तापानं आजारी. कतार गोलवर सत्तावीस वेळा मारा करतं. गुरप्रीतसिंग संधू, त्या रात्रीचा कर्णधार, अकरा वेळा अडवतो. ०-०. तुम्ही रेषेपाशी आहात म्हणून स्टिमॅचचा चेहरा बघून घ्या: शेवटच्या दहा मिनिटांत तो तोंडानं नाही, सगळ्या अंगानं बचाव करतो आहे. कुणी उजवीकडे सरकायला हवं असेल तर त्याचा स्वतःचा खांदा उजवीकडे जातो.

पुढच्या महिन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, खच्चून भरलेल्या स्टेडियमात बांगलादेश ४२ व्या मिनिटाला आघाडी घेतं. ८८ व्या मिनिटाला ब्रँडन कॉर्नर घेतो, आदिल खान डोक्यानं मारतो. गोव्याच्या एकानं उचलला, गोव्याच्या दुसऱ्यानं पोचवला, १-१. भारताच्या फुटबॉलची ही अवस्था प्रेक्षकांना पाठ झाली: जिंकता जिंकता राहणं, हरता हरता वाचणं. चेंडू मागून, पायापायानं पुढे न्यायचा स्टिमॅचचा आग्रह होता, आणि त्यासाठी डर्बीत त्याच्याकडे होता तसा एक सेकंद आपल्या बचावपटूंकडे क्वचितच असायचा. मार्च २०२१ मध्ये अमिरातींनी सहा गोल घातले तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं.

आणि तरीही २०२३ चा तो उन्हाळा होता. इंफाळ, भुवनेश्वर, बंगळूर. एकामागून एक तीन करंडक, आणि जागतिक क्रमवारीत शंभराच्या आत.

२१ जून, बंगळूरचं कांतीरवा. सॅफ स्पर्धा, समोर पाकिस्तान. व्हिसाच्या घोळामुळे तो संघ सामन्याच्याच दिवशी शहरात पोचला आहे. छेत्रीचे दोन गोल झालेले, मध्यंतर आलेलं. चेंडू बाहेर जातो, अगदी तुमच्यासमोर. पाकिस्तानचा अब्दुल्ला इक्बाल थ्रो-इनसाठी चेंडू उचलतो. स्टिमॅचच्या मते निर्णय चुकला आहे. आता बघा, त्याचा हात. ५५ वर्षांच्या माणसाचा हात पुढे जातो आणि चेंडू त्या पोराच्या हातातून खाली पाडतो. दोन्ही संघ धावून येतात, ढकलाढकली होते, रेफ्री लाल कार्ड काढतो. सामना २-० असताना, पुढे ४-० होणार असताना, एका थ्रो-इनसाठी! हसू येतं, रागही येतो. आपल्या पोरांसाठी पुन्हा वेळ आली तर पुन्हा असंच करीन, अशा अर्थाचं त्यानं नंतर जाहीर लिहिलं. सहा दिवसांनी कुवेतविरुद्ध त्यानं ते खरंही केलं: दुसरं लाल कार्ड, या वेळी दोन सामन्यांची बंदी.

म्हणून ४ जुलैला, लिऑनच्या त्या दिवसाला पंचवीस वर्षं पूर्ण होताना, कांतीरवाच्या अंतिम सामन्यात भारताच्या चौकोनात दुसराच माणूस उभा आहे. गोव्याचा महेश गवळी, भारताचा जुना बचावपटू, स्टिमॅचचा सहायक. हात कंबरेवर, आवाज मोजका. कुवेत १-० पुढे जातं, ३८ व्या मिनिटाला मुंबई सिटीचा लालियानझुआला छांगटे बरोबरी करतो. जादा वेळ. पेनल्टी, मग सडनडेथ. नाओरेम महेशसिंग गोल करतो, गुरप्रीत डावीकडे झेप घेऊन कुवेतच्या कर्णधाराची पेनल्टी अडवतो. ५-४. उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी, दोन्ही गवळीनं चौकोनात उभं राहून पेनल्टीवर पार केल्या. स्टिमॅचनं या संघाला काय दिलं याचा हिशेब मांडताना त्याची ही गैरहजेरी मी त्याच्या जमेच्या बाजूला धरतो. त्यानं घडवलेला संघ त्याच्या ओरडण्यावाचून उभा राहू शकत होता.

नोव्हेंबरात कुवेतमध्ये मनवीरसिंगच्या गोलानं १-० जिंकल्यावर विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी, जिथं भारत कधीच पोचला नव्हता, दिसायला लागली. पण जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तिन्ही सामने हरले, एकही गोल नाही. मार्चमध्ये अफगाणिस्ताननं गुवाहाटीत २-१ हरवलं, तो छेत्रीचा दीडशेवा सामना. ६ जूनला सॉल्ट लेकवर छेत्रीनं निरोप घेतला तोही कुवेतशी ०-० वर.

उरतं ते ११ जून २०२४ चं दोहा. कतारविरुद्ध जिंकलं की तिसरी फेरी. ३७ व्या मिनिटाला छांगटे गोल करतो आणि भारत तब्बल ३६ मिनिटं आघाडीवर राहतो. या वेळी टचलाइन सोडून भारताच्या गोलपोस्टच्या बाजूला, मागच्या रेषेपाशी येऊन उभे राहा. ७३ वं मिनिट. हेडर येतो, गुरप्रीत खाली पडून अडवतो, चेंडू त्याच्या बाजूनं निसटून रेषेपलीकडे जातो. पूर्ण जातो, तुमच्या पायापाशीच. भारताचे खेळाडू थांबतात. कतारचा एक जण पायानं चेंडू मागे ओढतो, युसूफ आयमन आत ढकलतो. रेफ्री मध्याकडे बोट दाखवतो. या फेरीला व्हीएआर नाही. गुरप्रीत हात पसरून धावतो, त्याच्याबरोबर इतर, काही उपयोग नाही. ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल, २-१.

त्याच दिवशी कुवेतनं अफगाणिस्तानला १-० हरवून ती जागा घेतली. भारतानं तक्रार केली, निकाल बदलला नाही. १७ जूनला महासंघानं स्टिमॅचला काढलं. करार २०२६ पर्यंतचा होता, आणि मागे उरलेल्या भांडणात तो पत्रकारांपुढे बराच वेळ, मोठ्या आवाजात बोलला.